ताई, एक विचारू? : गॅस बंद, विळी चालू

मागच्या महिन्यात सोलकढीवर लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, "ही तर आपली जुनी रॉ व्हीगन रेसिपी." झालं. त्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की लोणच्याच्या बुरशीचे वगैरे प्रश्न सगळे पुढच्या अंकात ढकललेत. ज्यांना शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. व्हीगन म्हणजे दूध, दही, तूप, मध, अंडं, मांस-मच्छी, प्राण्याकडून आलेलं काहीच नाही. शब्द १९४४ सालचा, इंग्लंडातल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेला. रॉ म्हणजे त्यावर आणखी एक अट, पदार्थ साधारण ४२ ते ४८ डिग्रीच्या वर तापवायचा नाही, नेमका आकडा ज्याचा त्याचा वेगळा. थोडक्यात भिजवा, मोड आणा, किसा, वाटा, आंबवा, वाळवा, पण गॅस पेटवू नका. आता प्रश्न.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे, अंधेरीला पीजीत राहते. रूमवर गॅस चालत नाही, कॉमन फ्रीज आहे आणि माझा छोटा मिक्सर. रील्स बघून रॉ व्हीगन करावंसं वाटतंय, पण त्यात सगळं ॲव्होकाडो, झुकिनी, चिया, तेवढा माझा पगार नाही. सुरुवात कशी करू?
(एक पीजीवाली)

उत्तर: अगं आधी ती रील्स बंद कर. डोळे मिटून आजीने वाढलेलं पान आठव, त्याची डावी बाजू. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, कधी काकडी तर कधी गाजर. ती सगळी डावी बाजू बहुतेक न शिजवलेलीच असते, दही आणि फोडणी वगळली की झालं तुझं रॉ व्हीगन. फक्त चमचाभर वाढायची ती वाटीभर, मग ताटभर करायची.

पहिली खमंग काकडी कर. काकडी किसू नकोस, किसली की पाणी पाणी होतं. हातात उभी धरून सुरीने वरून टकटक घाव घालत चोचवायची आणि मग पातळ काप काढायचे, बारीक बारीक तुकडे पडतात आणि दाताखाली येतात. त्यात ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू. दाण्याचं कूट भाजलेलं असतं म्हणून कडक रॉवाले खात नाहीत, ते कच्चे दाणे ४-५ तास भिजवून जाडसर ठेचतात. मला विचारशील तर भाजलेलं कूट घाल आणि गप जेव. पण कच्चे दाणे घेतलेस तर काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास असलेले निवडून फेक, ते अजिबात पोटात जायला नकोत.

मीठ मात्र अगदी खायला बसताना. हे मी दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी कोणीतरी "ताई कोशिंबिरीला पाणी का सुटतं" विचारतंच.

मग सोलकढी. नारळवाल्याकडूनच फोडून आण, खवणी नसेल तर सुरीने तुकडे सुटे करून मिक्सरला. ८-१० आमसुलं अर्धी वाटी पाण्यात टाकून ठेव. आपण एरवी गरम पाणी घेतो, रॉमध्ये साधं घ्यायचं म्हणून तासाभराऐवजी दोन तास लागतील, रंग मात्र तितकाच येतो. एका नारळाचं खोबरं, एक मिरची, लसणीची एखादी पाकळी, थोडं कच्चं जिरं आणि वाटीभर गार पाणी घालून फिरव, सलग नको, थांबत थांबत, नाहीतर भांडं चांगलंच तापतं आणि मग कसलं रॉ. पंचातून पिळलं की पहिलं दूध, चोथ्यात परत पाणी घालून फिरवलं की दुसरं. आमसुलाचं पाणी प्यायच्या आधीच मिसळ. मुंबईच्या हवेत नारळाचं दूध बाहेर ठेवलं तर लवकर आंबूस होतं, तेव्हा केलेलं त्याच दिवशी संपव, कॉमन फ्रीजवर फार विसंबू नकोस, तिथे तुझं दूध दुसरंच कोणी पिईल ते वेगळं.

आणि ॲव्होकाडोच्या जागी शहाळ्याची मलई. शहाळेवाल्याला नुसतं "एक द्या" म्हणू नको, "मलईवाला" म्हणून माग, पाणी पिऊन झालं की तो त्याच शहाळ्याची चकती तोडून चमचा करून देतो. घरी आणलीस तर ती मलई, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ एवढंच मिक्सरमध्ये फिरव. काकडी बुडवून खा. क्रीमपेक्षा छान लागतं, हे मी माझ्या क्रीमवेड्या भाच्याच्या तोंडून ऐकलंय.

प्रश्न: धुवायचं कसं ते सांगा. आमच्या इथे लोक म्हणतात रुळांच्या कडेची पालेभाजी गटाराच्या पाण्यावर वाढते, कोबीतून डोक्यात जंत जातात. कच्चं खायची भीतीच वाटते हो. मी सगळं मिठाच्या पाण्यात ठेवते, पुरतं का?
(भीत भीत खाणारी, भांडुप)

उत्तर: भीती अगदीच खोटी नाही हो, म्हणून जरा सविस्तर.

जंतांचं आधी. कोबीत जंत "असतात" असं नसतं. माणसाच्या विष्ठेतून टेपवर्म नावाच्या जंताची अंडी घाण पाण्यात आणि तिथून भाजीवर येतात, ती डोळ्याला दिसत नाहीत. ती पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात, फिट येतात, हे सगळं खरं आहे. शिजवल्यावर अंडी मरतात. म्हणजे कच्चं खायचं असेल तर भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हा प्रश्न पहिला आणि धुणं दुसरं. रुळांलगतचा पालक कच्चा खाऊ नका, शिजवून खा किंवा घेऊच नका. विचारायला लाजू नका, दादरला सकाळी वसईहून येणाऱ्या बायका बसतात त्यांना मी सरळ विचारते "मावशी कुठल्या विहिरीचं पाणी", त्या हसतात पण सांगतात.

आता धुणं. पालेभाजीची जुडी सोडायची, मुळं कापून टाकायची. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पानं बुडवायची, हाताने हलवायची आणि मग पानं वर उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवायची. पातेलं चाळणीत ओतायचं नाही! ओतलंत तर तळाला बसलेली सगळी माती परत पानांवर येते. असं तीनदा, तळाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, बाकीची एकेक सुटी करून वाहत्या नळाखाली चोळा, अख्खा गड्डा नळाखाली धरला तर आत काही जात नाही. शेवटचं पाणी प्यायचं घ्या, उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. मुंबईत नळाचं पाणी शुद्ध करूनच येतं, पण ते आपल्यापर्यंत पोचतं बिल्डिंगच्या टाकीतून, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरीला विचारा, तोंड बघा कसं होतं.

मिठाच्या पाण्याने किडे, अळ्या बाहेर येतात, तेवढ्यासाठी ठीक, जंतू मारायला त्यावर विसंबू नका. फळांच्या सालीवरची फवारणी कमी करायला खायचा सोडा चांगला, लिटरभर पाण्याला दोन छोटे चमचे, १२ ते १५ मिनिटं ठेवून मग स्वच्छ धुवायचं. सालीच्या आत मुरलेली फवारणी त्याने जात नाही, तिथे साल काढणं हाच उपाय. भांड्याचा साबण कृपा करून नको. आणि धुतल्यावर पंचावर पसरून कोरडी करा, ओली भाजी डब्यात कोंबली की दुसऱ्या दिवशी चिकट.

पावसाळ्यात? मी स्वतः जून ते सप्टेंबर पालेभाजी कच्ची खात नाही. काकडी, गाजर, बीट, मुळा, साल निघेल असं काहीही खाते. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे जे काय खायचं नाही म्हणून सांगतात त्यातलं सगळंच मला पटत नाही पण पालेभाजीचं पटतं. आणि पावसाळी रानभाज्या तर कच्च्या खायच्याच नाहीत. शेवळं किती खाजतात ते ज्याने काकडं (खाज मारणारी रानफळं) न घालता केली त्याला विचारा, अळूचंही तेच, सुरणाचंही.

प्रश्न: ताई मोड आणले की दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होऊन वास येतो, दोनदा फेकले. आणि नवऱ्याला राजमा आवडतो म्हणून राजम्याला मोड आणून सॅलड करू का? तसंच वाल?
(घाटकोपर)

उत्तर: राजम्याचं आधी. नको! कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, मूठभर कच्चे दाणे सुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात, आणि मोड आणल्याने ते जात नाही. ५ तास तरी भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि निदान १० मिनिटं खळखळून उकळायचा, शिजेपर्यंत तर अर्थातच. नुसता कोमट ठेवला तर उलट वाईट. नवरा आवडता असेल तर राजमा कुकरमध्येच.

वालही कच्चे नाहीत. आपण डाळिंब्या करतो तेव्हा भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि मग शिजवतो, ते उगाच नाही, सुक्या वालात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. सोयाबीनही कच्चा नको. रॉला आपले मूग आणि मटकी, बास. हरभरा बऱ्याच जणांना कच्चा बाधतो, पोट डमरू होतं.

आता बुळबुळीत. हा तुमचा दोष नाही, हा मुंबईचा दोष आहे. पुण्याची माझी वहिनी एकदा भिजवते, एकदा बांधते आणि विसरते, तिला मस्त मोड येतात आणि वर मला फोटो पाठवते. इथे दमट हवेत तसं चालत नाही. मूग रात्री भिजवा, ८ तास पुरे, जास्त नको. सकाळी खळखळून धुवा, तरंगणारे आणि न भिजलेले टणक दाणे काढा. मग फडक्यात बांधायचं, पण फडकं ओलंचिंब नाही, घट्ट पिळलेलं, आणि पुरचुंडी सैल, आत हवा खेळायला हवी. झाकणाच्या डब्यात नको, चाळणीत ठेवा खाली ताट. उन्हाळ्यात १० ते १२ तासांत मोड फुटतात, मधे दोनदा तरी उघडून धुवायचे, बांधून दिवसभर ऑफिसला निघून जायचं नाही. शनिवारी करा सरळ. मोड छोटे असतानाच फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. वास आला तर धुऊन "चालतंय" करू नका, फेका.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मोडांना लागतं तेच ऊबदार ओलसर वातावरण जंतूंना लागतं, आणि जंतू दाण्याच्या सालीच्या भेगेत असले तर कितीही धुतलं तरी सगळे जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय या जंतूची मोठी साथ आली होती, ५० च्या वर माणसं गेली, आणि शोधता शोधता गाडी येऊन थांबली मेथीच्या मोडांवर. घाबरवायला सांगत नाहीये, पण घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर त्यांचे मोड चांगले शिजवूनच द्या, त्यांचं रॉ राहू दे. बाकीच्यांनी लिंबू पिळून खा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते, नुसतं चवीपुरतं नाही ते.

प्रश्न: आमचे हे रिटायर झाल्यापासून सकाळी बागेबाहेरच्या ज्यूसवाल्याकडे दुधीचा रस घेतात, आता म्हणतात घरी काढून दे, मोठा ग्लासभर. परवा कडू लागला तरी "औषध कडूच असतं" म्हणून प्यायले. काही होत तर नाही ना?
(काळजीत, विलेपार्ले)

उत्तर: वहिनी, हे उत्तर भावजींना मोठ्याने वाचून दाखवा.

कडू दुधी म्हणजे औषध नाही, विष आहे. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या सगळ्या वेलवर्गात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असू शकतात, एरवी नगण्य, पण एखाद्या फळात भरमसाट वाढतात आणि ते बाहेरून ओळखू येत नाही. कडू रस प्यायल्यावर पोटात मुरडा, जुलाब, रक्ताच्या उलट्या, बीपी एकदम खाली, आपल्या देशात माणसं दगावलीत. त्यावर आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, तज्ज्ञांची समितीसुद्धा नेमली होती. त्यांचं म्हणणं अगदी सोपं आहे, रस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर तो अख्खा दुधी टाकून द्या, दुसऱ्या कशाचा रस त्यात मिसळू नका, आणि प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब हॉस्पिटल. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाहीये, लक्षणांवर उपचार करतात, म्हणून वेळ घालवायचा नाही.

मिसळू नका हे का, तर आवळा, आलं, पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो. ज्यूसवाला नेमकं तेच करतो बघा. घरीही कोशिंबिरीसाठी काकडी कापताना देठाकडचा तुकडा जिभेला लावून बघायची आपली जुनी सवय आहे ना, ती सोडू नका.

त्यातून दुधी खायचाच तर भाजी करा हो. ग्लासभर रसात असं काही नाही जे दुधी-चणा डाळीत नाही.

प्रश्न: माझी सून व्हीगन तर होतीच, आता रॉ पण झाली. मुलगी गुणी आहे, तक्रार नाही, पण चैत्रात हळदीकुंकू आहे आणि तिच्या हातावर काय ठेवू हेच कळत नाही, सगळ्या बायकांसमोर तिला नुसतं केळं दिलं तर माझंच नाव जाईल.
(एक सासूबाई, गिरगाव)

उत्तर: मावशी, तुम्ही नशीबवान, चैत्रगौरीचा मुख्य पदार्थच तिच्यासाठी आहे. आंबेडाळ! हरभऱ्याची डाळ ४-५ तास भिजवून, निथळून, मिरच्यांबरोबर भरड वाटायची, किसलेली कैरी, ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ. शिजवलं काय त्यात? फक्त वरची फोडणी. सगळ्यांची डाळ कालवायची, सुनेची वाटी आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्यावर फोडणी घालायची.

पण फोडणी नसली की डाळ जरा मुकी लागते, ते खरं. तिथे मोहरी फेसून घाला. चमचाभर मोहरी बारीक कुटून चमचा-दोन चमचे पाण्यात अशी फेटायची की भांड्यावर वाकलं की नाकात झणका गेला पाहिजे आणि डोळ्यात पाणी, मग ती डाळीत. माझी आई लोणच्याला अशी फेसायची, आणि फेसताना आम्हाला हाक मारायची, "बघ गं झाली का," आम्ही दर वेळी फसून वास घ्यायचो.

पन्ह्याला कैरी उकडू नका, किसून पाण्यात कुस्करून गाळा, रंग फिका येतो पण चव तरतरीत. गूळ मात्र रॉ नाही, रस उकळूनच होतो तो, तिच्यापुरता खजूर भिजवून वाटा. कोरड्यात खारीक, खोबरं, बेदाणे यांची खिरापत. काजूचं कडक धरू नका, दुकानातला "कच्चा" काजूसुद्धा टरफल काढायला आधी वाफवलेला किंवा भाजलेला असतो, तिला माहीत नसेल तर तुम्हीही बोलू नका.

आणि दडपे पोहे तिला न शिजवलेले म्हणून खपवाल, पण पोहे करताना भात, म्हणजे साळी, भिजवून भाजूनच कांडतात. विचारलंन तर खरं सांगा.

प्रश्न: मी बदलापूरहून फोर्टला येते, सकाळी ६ ला डबा भरते, १ ला जेवते. सॅलडचं तोपर्यंत सूप होतं.
(लेडीज डबा)

उत्तर: सूप झालं ते परवडलं, सात तास बाहेर राहिलं ते परवडत नाही. कापलेल्या भाज्या, फळं, मोड, नारळाची चटणी हे दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि ३२ डिग्रीच्या वर हवा असेल तर तासभरच, आणि मे महिन्यात आपला लेडीज डबा ३२ वर कधी नसतो सांगा मला. कच्च्यात तेल नाही, फोडणी नाही, उकळी नाही, टिकवायला काहीच नाही.

तेव्हा कापून नेऊ नका, अख्खं न्या. अख्खी काकडी, गाजर, पेरू, केळं, संत्रं, मुठीएवढे खजूर आणि दाणे, छोटी सुरी, एक अख्खं लिंबू. ऑफिसमध्ये कापा, मीठ तिथेच. हिरवी चटणी न्यायचीच तर रात्री छोट्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये दगड करा, बर्फाच्या पिशवीबरोबर थर्मल डब्यात ठेवा आणि पोचल्यावर ऑफिसच्या फ्रीजमध्ये. आणि लिंबाचा रस बाटलीत नेऊ नका, मी नेला होता, कुर्ल्याच्या गर्दीत झाकण उडालं आणि शेजारणीच्या सिल्कच्या साडीवर. ती बाई मला अजून दिसते कधीकधी, मी मोबाइलमध्ये बघते.

प्रश्न: संपूर्ण रॉ व्हीगनवर राहता येतं का? प्रोटीन, बी१२ वगैरे? जिममधला ट्रेनर म्हणतो स्पायरुलिना घे, झालं काम.
(वय ३१, ठाणे)

उत्तर: ट्रेनरला सांग, स्पायरुलिना म्हणजे शेवाळाची पूड, त्यात जे असतं ते बहुतेक बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला उपयोग नसलेलं असतं. वनस्पतीतून भरवशाचं बी१२ मिळत नाही, शिजवलेल्यातून नाही आणि कच्च्यातून पण नाही. व्हीगन व्हायचं तर गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ लागणारच. आपल्याकडे तर दूध-दही खाणाऱ्या शाकाहाऱ्यांमध्येही ते कमी निघतं. रक्त तपासून घे, डॉक्टर सांगतील तेवढं घे. पाकिटावर फोर्टिफाइडसाठी निळं "प्लस एफ" असतं, आणि व्हीगनसाठी हिरव्या रंगातलं "व्ही", त्याचे एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियम २०२२ चे. दोन्ही वेगळी चिन्हं आहेत, व्ही आहे म्हणजे बी१२ आहे असं नाही.

प्रोटीन कच्च्या कोशिंबिरीतून भागेल हे विसर. मोड, दाणे, तीळ, बदाम खाशील तेव्हा थोडंफार, पण पोटभर वरण-उसळीची सर त्याला नाही, कारण डाळी शिजवल्यावर जास्त चांगल्या पचतात. आणि सगळं कच्चंच चांगलं हेही खरं नाही. क जीवनसत्त्व शिजवल्यावर कमी होतं, पण टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर जास्त मिळतं, गाजरातलं कॅरोटीनही तसंच, आणि त्याला थोडी चरबी लागते, म्हणून गाजराच्या कोशिंबिरीत खोबरं किंवा दाणे हवेतच.

गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, भिजवलेले गहू, खोबरं वगैरे, आणि तब्येत बिघडल्यावर थांबवला. एवढा हट्टी माणूस, पण थांबला. तू एक जेवण रॉ कर, शक्यतो दुपारचं, बाकी आमटी-भात खा.

मुतखडा असेल तर रोज कच्च्या पालकाची हिरवी स्मूदी नको, ऑक्झलेट भरपूर असतं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू-कमी करू नकोस, आधी डॉक्टर.

प्रश्न: जवसाचे रॉ क्रॅकर्स गच्चीत वाळवले तर चालतील? डिहायड्रेटर महाग आहे.
(चेंबूर)

उत्तर: चालतील, मार्च ते मे. जवस पाण्यात भिजला की चिकट होतो, त्यात किसलेलं गाजर, जिरं, मीठ घालून प्लास्टिकवर पापडासारखं पातळ पसरायचं, वर पातळ कापड, दुपारी उलटायचं, संध्याकाळी घरात. दोन-तीन दिवस. कापड चारही बाजूंनी दगडांनी दाबा. मी एका बाजूला दगड ठेवायला विसरले आणि कावळ्यांनी अर्धे क्रॅकर खाल्ले, उरलेले कबुतरांनी घाण केले, आणि वर सोसायटीच्या बोर्डावर "गच्चीत वाळवणं घालू नयेत" अशी नोटीस लागली, माझं नाव न घालता, पण "जवस" असं लिहून. बिल्डिंगमध्ये जवस खाणारी मी एकटी.

पावसाळ्यात करू नका, वाळायच्या आधी आंबतात.

प्रश्न: गोड?
(एवढंच लिहिलंय, नाव नाही, गाव नाही)

उत्तर: मला तुम्ही आवडलात. वेलची केळी चांगली पिकली, सालीला काळे ठिपके आले की सोलून, चकत्या करून रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी मिक्सरमध्ये फिरवा, आधी भुरभुरीत होतं, मग गोळा, घाबरू नका, मधे थांबून चमच्याने खाली ढकला, परत फिरवा, अचानक मऊ आइस्क्रीम होतं. त्यात घोलवडचा पिकलेला चिकू घातलात तर साखरेची आठवण येणार नाही. लगेच खायचं, परत फ्रीझरमध्ये ठेवलंत तर वीट होते.